सीट पाणी पिते कुठून?

सकाळी गाडीपाशी जायचं, हॅण्डलला अडकवलेलं फडकं काढायचं, सीट दोनदा पुसायची, हात फिरवून बघायचा. कोरडी. मग निवांत बसायचं. पहिल्याच सिग्नलला मागून गार लागायला लागतं आणि ऑफिसात गाडी लावून उतरेपर्यंत सलवारीवर वीतभर ओला डाग पडलेला असतो. वर रेनकोट घातलेला, डोक्यावर हेल्मेट, पाय झाकलेले, आणि भिजलोय ते नेमके बसल्या जागी. तसंच दिवसभर खुर्चीत बसायचं. ज्यांना रोज हे सोसावं लागतं त्यांना ही बाब किरकोळ वाटत नाही. ओल्या कपड्यात तासन् तास बसल्याने जांघेत कातडी सोलवटते, पावसाळ्यात गजकर्ण होतं ते अशाच ओलसर जागी. शाळेत जाणाऱ्या पोरांना तर डागावरून चिडवतात.

‘नीट पुसली नसशील,’ असं सगळे म्हणतात, आणि बरीच वर्षं मलाही तसंच वाटायचं. पुसण्यात खोट नव्हतीच. हे मला कळलं ते एका पावसाळ्यात, सीटचं कव्हर बदलून घेतल्यावर. मे महिन्यात मी एका दुकानातून चौकडीची शिवण असलेलं, डायमंड शिलाईचं म्हणतात तसलं, देखणं कव्हर बसवून घेतलं होतं. जुलैत सीट अशी झाली की कोपराने दाबली तरी टाक्यांतून पाण्याचे थेंब वर यायचे. शेवटी घराजवळच्या दुसऱ्या एका सीटवाल्या काकांकडे गाडी नेली. त्यांनी चावीने सीट उचलली, पुढच्या बिजागरीचे नट सोडवले आणि सीट उलटी करून मांडीवर घेतली. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकेक पिन उचकटायची, पक्कडीने ओढायची, डब्यात टाकायची. पिना निघाल्यावर त्यांनी रेक्झिन फणसाच्या सालीसारखं मागे सोललं. आतला फोम एरवी पिवळट असतो, माझा कडेकडेने तपकिरी पडला होता आणि त्याला न वाळलेल्या पोतेऱ्याचा वास येत होता. काकांनी तो दोन्ही तळव्यांत धरून दाबला. खालच्या घमेल्यात धार पडली, थेंब थेंब नाही, चांगली धार.

‘ताई, सीट वरून नाही भिजत,’ ते म्हणाले. ‘शिवणीतून पिते.’

त्यांनी सोललेली ती सीट समोर ठेवूनच पुढचं सगळं सांगते, कारण आत काय आहे ते एकदा कळलं की पावसाळ्यात काय करायचं हे आपोआप सुचत जातं.

स्कूटरच्या सीटला तीन थर असतात. सगळ्यात खाली काळ्या, कडक प्लॅस्टिकचा तळ. त्याला जागोजागी छोटी भोकं असतात. त्यावर ओतून घडवलेला फोम. आणि त्यावर ताणून, कडा तळाखाली वळवून पिना मारलेलं रेक्झिन. रेक्झिन हे मुळात एका मालाचं नाव होतं, मँचेस्टरजवळच्या हाइड गावात तयार होणाऱ्या नकली चामड्याचं. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते म्हणजे विणलेल्या कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. त्यातून पाणी आरपार जात नाही. शंका असेल तर रेक्झिनच्या तुकड्याची खोलगट वाटी करून तिच्यात पाणी ओतून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब नसेल.

मग फोम भिजतो कसा? त्यासाठी आधी फोम म्हणजे काय ते बघावं लागतं. हा पॉलियुरेथेनचा फोम. पॉलियुरेथेनचं रसायन १९३७ साली जर्मनीत ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने शोधलं, त्याचे मऊ फोम त्यानंतर आले. फोममध्ये खरं रसायन फार थोडं असतं. सीटच्या फोमच्या १०० भागांतले साधारण ९५ भाग हवा असते. बुडबुडेच बुडबुडे, आणि महत्त्वाचं म्हणजे ते बुडबुडे एकमेकांना उघडे असतात. हवाई चपलेच्या तळातही बुडबुडे असतात, पण तिथे प्रत्येक बुडबुडा म्हणजे दार लावून घेतलेली खोली. म्हणून चप्पल ओढ्यात पडली तर तरंगते आणि झटकली की कोरडी होते. सीटच्या फोममध्ये मात्र सगळ्या खोल्यांना दारं आहेत आणि सगळी सताड उघडी. ती तशी असावीच लागतात. आपण बसलो की हवा एका खोलीतून दुसरीत आणि शेवटी बाहेर जाते, म्हणून सीट मऊ लागते. चपलेच्या रबराची सीट केली तर भिजणार नाही, पण दोन खड्ड्यांत कंबर धरेल.

आता आकडे मांडून बघू. सीट साधारण ७० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद धरली आणि फोम सरासरी ७ सेंटिमीटर जाड धरला, तर आत १४ ते १५ लिटरची जागा होते आणि ती जवळजवळ सगळी रिकामी. तिचा नुसता दहावा भाग पाण्याने भरला तरी दीड लिटर पाणी आत बसलं. पावसाच्या बाजूने मोजायचं तर एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. सीटचं क्षेत्रफळ चौरस मीटरच्या एकपंचमांशाहून जरासं जास्त. दुपारी एखादी २० मिलिमीटरची सर येऊन गेली की उघड्या सीटवर चार लिटरच्या वर पाणी पडून गेलेलं असतं. त्यातलं बहुतेक ओघळून जातं. पण दीड लिटर साठवायला त्यातलं थोडंथोडं दोन-तीन दिवस आत गेलं तरी पुरतं. पुण्यात वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि महाबळेश्वरला ५,५०० च्याही वर. तरी सीट ओली असल्याची तक्रार दोन्हीकडे सारखीच, ती यामुळेच. फोमची तहान पुण्याच्या रिपरिपीनेही भागते.

पाणी आत जायच्या वाटा तीन आहेत. पहिली आणि सगळ्यात मोठी वाट म्हणजे टाके. सीटच्या कव्हरला लागणारी जाड सुई एक मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. ४ मिलिमीटरचा एक टाका धरला आणि सगळी शिवण मिळून दोन मीटर भरली, तर रेक्झिनला ५०० भोकं पडली. साध्या कव्हरला ही एवढीच शिवण असते, वरचा तुकडा बाजूच्या पट्टीला जोडणारी. डायमंड शिलाईच्या कव्हरला ती कितीतरी पटींनी जास्त, आणि तीही नेमकी वरच्या सपाट भागावर, जिथे पाणी थांबतं आणि आपण बसतो. पूर्वी तंबू शिवायला सुती दोरा वापरत. तो भिजला की फुगतो आणि आपलं भोक आपणच बुजवतो. सीटला वापरतात तो नायलॉनचा दोरा टिकाऊ असतो, पण फुगत नाही. उलट भोकात दोऱ्याच्या कडेने पाणी वातीवरून तेल चढावं तसं आत सरकतं. घरातला चांगला रेनकोट उलटा करून बघा. प्रत्येक शिवणीवर आतून एक पारदर्शक पट्टी गरम करून चिकटवलेली दिसेल. रेनकोट करणाऱ्याला ठाऊक असतं की कापड गळत नाही, टाका गळतो. बहुतेक सीटच्या कव्हरांना ती पट्टी नसते.

दुसरी वाट खालच्या कडेची. सीटवरून ओघळलेलं पाणी कडेला येऊन सरळ खाली पडत नाही, ते रेक्झिनला चिकटून तळाखाली वळतं आणि पिनांच्या ओळीपर्यंत जातं. तिथे रेक्झिनची कापलेली कड उघडी असते आणि तिच्या पोटाला कापड असतं. कापड पाणी ओढून घेतं. घराच्या सज्जाखाली गवंडी एक बारीक खाच ठेवतात, ती याच कारणाने. पाणी तिथे अडतं आणि भिंतीकडे न जाता खाली टपकतं. सीटच्या कडेला अशी खाच नसते.

तिसरी वाट भेगांची, आणि ती पावसाळ्यात पडत नाही, उन्हाळ्यात पडते. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला मऊ ठेवण्यासाठी त्यात एक तेलकट रसायन मिसळलेलं असतं. उन्हात तापून तापून ते हळूहळू उडून जातं, रेक्झिन ताठरतं आणि बसून वाकणाऱ्या कडांना केसासारख्या भेगा पडतात. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मे गाडी उन्हात उभी असेल तर जूनच्या पहिल्या पावसाला सीट तयारच असते. म्हणून उन्हाळ्यात सावली शोधणं हे पावसाळ्याचंच काम समजावं. पेट्रोल किंवा थिनरने सीट पुसायची सवय काहींना असते. ती तेवढी सोडा, कारण ते तेलकट द्रव्य त्यानेही निघून जातं.

पण वाट असली म्हणून पाणी आपण होऊन एवढं आत जात नाही. एक मिलिमीटरच्या भोकावर थेंब फुगून बसू शकतो. त्याला आत ओढणारा कोणीतरी लागतो, आणि ते आपण स्वतः असतो. मला या सगळ्या प्रकारात हीच गोष्ट सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. आपण सीटवर बसतो तेव्हा फोम दबतो आणि आतली हवा टाक्यांतून, तळाच्या भोकांतून बाहेर जाते. उठतो तेव्हा फोम फुगतो आणि तेवढीच हवा परत आत ओढतो. त्या क्षणी टाक्यांवर पाणी असेल तर हवेच्या ऐवजी पाणी ओढलं जातं. सायकलचा पंप दट्ट्या वर घेतला की हवा ओढतो, अगदी तसंच. चालत्या गाडीवर तर हा पंप सतत चालू असतो. रेनकोटच्या ओच्यात साचलेलं पाणी मांड्यांमधून सीटच्या पुढच्या भागावर उतरतं, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा आपल्याला जरा उचलून परत आपटतो. उचललं की ओढलं, आपटलं की दाबलं. दुसऱ्या दिवशी पुसलेल्या कोरड्या सीटवर बसतो तेव्हा आत साठलेलं पाणी त्याच भोकांतून उलटं वर येतं. पहिल्या सिग्नलला गार लागतं ते हे कालचं पाणी.

म्हणजे कामं दोन आहेत. टाक्यांतून आत जाणारं पाणी थांबवायचं, आणि फोमला श्वास घ्यायला खालची वाट मोकळी ठेवायची. भातलावणीला कोकणात इरलं वापरत आले आहेत, त्याच्याकडे बघा. पानं एकावर एक कौलांसारखी बसवलेली, त्यामुळे वरून आलेलं पाणी पाठीमागे घरंगळून जातं. खालून मात्र ते उघडं, म्हणून त्यात वाकून दिवसभर आवणं लावली तरी घुसमटायला होत नाही. सीटला तेच हवं असतं, वरून इरलं आणि खालून मोकळीक.

पक्का इलाज सीटवाल्याकडेच होतो आणि तो मे महिन्यात करून घ्यावा. पाऊस सुरू झाल्यावर त्यांच्याकडे रांग लागते आणि ओल्या फोमवर कव्हर चढवलं तर आतली ओल आतच राहते. कव्हर निवडताना एकच गोष्ट बघा: बसायच्या जागेवर शिवण नको. वरचा भाग एकसंध आणि जोड कडेला, जमेल तितका खाली उतरलेला. रंग, नक्षी, उठावाची अक्षरं यांतलं काहीही घ्या, पण मधे टाके घेऊ नका. मग जोडाच्या उलट्या बाजूला, म्हणजे कव्हर चढवायच्या आधी आतून, रेक्झिनला धरणारं ॲडहेसिव्ह टाक्यांच्या ओळीवर बोटाने पसरून त्यावर रेक्झिनचीच दोन बोटं रुंद पातळ पट्टी चिकटवायला सांगा. हे ॲडहेसिव्ह त्यांच्याकडे असतंच. काम दहा मिनिटांचं आहे, पण ग्राहक मागत नाही म्हणून कोणी करत नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा कुठल्याही गावात गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत गेलात तर कव्हरांच्या थप्प्या दिसतील. हातात घेऊन उलटं करा आणि टाके मोजल्याशिवाय घेऊ नका.

दुसरं, फोम आणि रेक्झिन यांच्यामध्ये जाड पॉलिथिनचा एक कागद घालून घ्या. बाळाच्या दुपट्याखाली मेणकापड घालतात, त्याचंच हे काम. सीटवाल्या काकांनी तो कागद फोमवर पसरला, पुढच्या नाकापाशी आणि मागच्या कोपऱ्यांवर चुण्या पडणार नाहीत असा ओढून घेतला आणि बाजूंनी पार खालपर्यंत आणला. टोकं तळाच्या कडेशी थांबवली. काहीजण हौसेने कागद तळाखालूनही गुंडाळून देतात आणि सीटची बंद पिशवीच करून टाकतात. तसं करू देऊ नका. बंद पिशवीत हवा कोंडते, सीट फुग्यासारखी लागते आणि कुठूनतरी एक थेंब जरी आत शिरला तरी त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. तळाची भोकं उघडी हवीत. बसलो-उठलो की फोमने आता टाक्यांतून नाही, खालच्या भोकांतून हवा घ्यायची.

नुसता कागद घातला आणि शिवणीला पट्टी मारली नाही तर? फोम वाचतो, पण टाक्यांतून आलेलं चमचाभर पाणी रेक्झिन आणि कागद यांच्यामध्ये फिरत राहतं आणि बसल्यावर वर येतं. पट्टी मारली आणि कागद घातला नाही तर वर्षा-दोन वर्षांत पट्टी एखाद्या ठिकाणी सुटते आणि पुन्हा फोम प्यायला लागतो. म्हणून दोन्ही करावं असं माझं मत आहे. कागदाचा पहिले काही दिवस चुरचुर आवाज येतो, नंतर तो बसतो.

नवं कव्हर घालायचं नसेल तर वरून चढवायचं पावसाळी कव्हर आहेच. जूनच्या पहिल्या आठवड्यात रेनकोटवाले पदपथावर बसले की त्यांच्या दोरीवर लटकलेलं असतं. कडेला इलॅस्टिक, आकार न्हाणीच्या टोपीसारखा. हे चांगलं आहे, फक्त ते केव्हा घालायचं हे ठरवावं लागतं. गाडी उभी असताना घालायचं, चालवताना काढायचं. पुष्कळजण जूनमध्ये चढवतात आणि दसऱ्याला काढतात. इलॅस्टिकच्या कडेने शिरलेलं पाणी मग चार महिने कव्हर आणि सीट यांच्यामध्ये अडकून राहतं, वाळायला हवाच लागत नाही, आणि काढतो तेव्हा रेक्झिनवर काळे बुरशीचे ठिपके दिसतात. शिवाय ते चालवताना सरकतं. मागे बसलेल्या माणसाच्या खालचं कापड ब्रेक दाबल्यावर पुढे घसरलं तर काय होईल ते सांगायला नको. याच कारणाने सीटवर चकाकी आणणारं पॉलिशही मी लावत नाही. पाणी घरंगळतं हे खरं, पण माणूसही घरंगळतो.

चढवताना आधी सीटच्या नाकाकडून अडकवा आणि मग मागे ओढा, म्हणजे समोरून वारा आला तरी आत शिरून फुगत नाही. काढताना मागून पुढे गुंडाळत आणा, ओली बाजू आत राहील अशी, आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून हुकाला अडकवा. डिकीत टाकू नका. तिथे गाडीची कागदपत्रं असतात. जाळीचं कव्हरही काहीजण पावसाळ्यात ठेवतात, उन्हाळ्यात सीट तापू नये म्हणून घातलेलं असतं ते तसंच राहतं. त्यातून पाणी खाली उतरून जातं आणि आपण पाण्याच्या जरा वर बसतो, एवढा फायदा आहे. पण जाळी स्वतः ओलसर राहते आणि खालच्या टाक्यांवर साचलेलं पुसता येत नाही. मी ती जूनमध्ये काढून ठेवते.

गाडी कशी उभी करायची यालाही अर्थ आहे. डबल स्टँडवर गाडी सरळ उभी राहते आणि पुढच्या बैठकीचा मागच्या पायरीशी जिथे खोलगट भाग होतो तिथे ओंजळभर पाणी साचतं. तासाभराने येऊन बघा, तळं तसंच असेल. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि ते पाणी निघून जातं. अर्थात खाली चिखल असेल तर साइड स्टँड रुततो, तेव्हा त्याखाली फरशीचा तुकडा ठेवायचा किंवा सरळ डबल स्टँड लावून कव्हर घालायचं. आमच्या घरी आकुर्डीच्या कारखान्यात बनलेली जुनी चेतक होती. सकाळी किक मारायच्या आधी बाबा तिला अंगावर घेऊन वाकडी करायचे. ते पेट्रोल उतरावं म्हणून, पण त्यात सीटवरचं रात्रीचं पाणीही भळ्ळकन खाली यायचं. ती सवय गाड्यांबरोबर गेली. आजही मी बसण्याआधी गाडी जराशी कलती करते.

झाडाखाली लावू नका. पाऊस थांबल्यावर झाडाचा पाऊस तासभर चालू असतो, आणि तो मोठ्या थेंबांचा असतो. पन्हाळीखाली किंवा सज्जाच्या कडेखाली लावण्यापेक्षा उघड्यावर लावलेली बरी.

आता पुसण्याबद्दल, कारण शिवण पक्की करून घेईपर्यंत पुसणंच हातात असतं. फडकं जुन्या पंचाचं घ्या. नवा टॉवेल पाणी पुढे ढकलतो, टिपत नाही. धुऊन धुऊन विटलेला पंचा किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा टिपतो. आधी खोलगट भागातलं पाणी तळहाताने सारून टाका, मग फडक्याने मागून पुढे पुसा. इथपर्यंत सगळेच करतात. पुढची पायरी फारसं कोणी करत नाही आणि खरा फरक तिनेच पडतो. डावा तळवा सीटवर ठेवून अंगाचा भार टाकून दाबा. टाक्यांतून बारीक थेंब वर येतील, शिवणीच्या ओळीने मोत्यांसारखे. हात न उचलता, तसाच दाबून ठेवून, उजव्या हातातल्या फडक्याने ते टिपा. हात आधी उचललात तर फोम फुगेल आणि वर आलेले थेंब परत ओढून घेईल. टिपून झाल्यावर तळवा उचला, वीतभर पुढे सरका, पुन्हा दाबा, पुन्हा टिपा. बसायच्या जागेला चार-पाच वेळा हे केलं की एक-दीड मिनिटात फडकं पिळण्याइतकं ओलं होतं. ते पाणी नाहीतर तुमच्या कपड्यांत गेलं असतं.

उतरतानाचं तर त्याहून महत्त्वाचं. भर पावसात पोचलात की उठण्याआधी रेनकोटचा ओचा झटकून टाका, आणि उठल्या उठल्या शिवणीवरून एकदा फडकं फिरवून कव्हर घाला. उठण्याच्या त्या क्षणालाच फोम सगळ्यात मोठा श्वास घेतो.

डिकीबद्दल एवढंच: सीटच्या खाली रबराची पट्टी असते ती फाटलेली किंवा सुटलेली असेल तर बदला. आणि ज्या गाड्यांची पेट्रोलची टाकी सीटखाली उघडते, त्यांनी पंपावर पोचल्यावर सीट उचलण्याआधी तिच्या कडा पुसाव्यात. नाहीतर उचललेल्या सीटच्या कडेवरचं पाणी टाकीच्या तोंडाशी ओघळतं. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं, त्यामुळे टाकीत पाणी जाणं परवडणारं नाही.

फोम आधीच भिजलेला असेल तर वरचे सगळे उपाय थांबवून आधी तो वाळवावा लागतो. सीट गाडीवर ठेवून वाळत नाही. वरून रेक्झिन, खालून प्लॅस्टिक, हवा जायची कुठून? दुपारी दोन तास ऊन पडलं की वर हात लावून वाटतं सुकली, पण ऊन आतल्या पाण्यापर्यंत पोचत नाही. सीट काढून घरात आणा. नाक खाली करून भिंतीला उभी टेकवा, खाली परात ठेवा. पाणी आपल्या वजनाने खालच्या टोकाला उतरतं आणि रात्रभरात परातीत बरंच जमा होतं. सकाळी सीट आडवी ठेवून वर जुना टॉवेल घाला आणि गुडघ्यांनी दाबत पुढे सरका, पिठाचा गोळा मळतात तसं. मग तळाची बाजू पंख्याकडे करून दोन-तीन दिवस ठेवा. कोकणात जुलैच्या हवेतच इतकी ओल असते की एवढ्यानेही भागत नाही. तिथे सरळ पिना काढून रेक्झिन सोलावं आणि फोम उघडा वाळवावा. घाई म्हणून गॅसच्या शेगडीजवळ किंवा हीटरसमोर मात्र फोम कधीही ठेवू नका. पॉलियुरेथेन पटकन पेट घेतं आणि त्याचा धूर विषारी असतो. फोमला वास धरला असेल आणि तो वाळूनही जात नसेल तर फोमच बदलावा.

काकांनी माझी सीट परत दिली तेव्हा लगेच गाडीला लावली नाही. आधी नळाखाली धरली, शिवणीवरून पाच मिनिटं पाणी सोडलं, मधे मधे मुठीने दाबत, म्हणजे पंप चालू राहील. मग वरून पुसली, सीटवर वर्तमानपत्राची चौघडी ठेवली आणि मला म्हणाले, ‘बसा.’ मी दोन मिनिटं बसले. उठल्यावर त्यांनी कागद उचलून उजेडात धरला. शिवण गळत असती तर कागदावर ठिपक्यांची ओळ उमटली असती आणि नेमका कुठला टाका राहिला ते कळलं असतं. मागच्या कोपऱ्यात तसे तीन ठिपके होते. त्यांनी परत पिना काढल्या, तेवढ्या जागी पट्टीचा आणखी एक तुकडा चिकटवला आणि नळ पुन्हा सोडला. दुसऱ्या वेळी कागद कोरडा निघाला, तेव्हा त्यांनी नट आवळले.